नाव झाकलेला खेळाडू

स्कॉटलंडच्या खालच्या श्रेणींतल्या फुटबॉल सामन्यांचे निकाल चाळताना संघांच्या यादीत एक नाव पुन्हा पुन्हा भेटतं: ए. ट्रायलिस्ट. हा कधी बचावफळीत असतो, कधी स्ट्रायकर म्हणून गोल मारतो, तर कधी एकाच दुपारी दोन गावांत दोन वेगळ्या क्लबांकडून खेळतो. अर्थात हा कुणी एक माणूस नव्हे. ट्रायलवर आलेल्या खेळाडूला तिथे क्लब सामन्यात उतरवून पाहू शकतो, आणि तेव्हा यादीत खऱ्या नावाच्या जागी 'ट्रायलिस्ट' एवढंच लिहायची जुनी रीत आहे. इंग्लंडमध्येही हंगाम सुरू होण्याआधीच्या मैत्रीपूर्ण सामन्यांत हेच दिसतं. त्याने गोल केला तरी बातमीत येतं ते 'ट्रायलिस्ट' असंच.

ज्या खेळात नाव पाठीवर ठळक अक्षरांत छापतात आणि पन्नास हजार माणसं ते एका सुरात ओरडतात, त्याच खेळाने एका खेळाडूचं नाव जाणूनबुजून झाकून ठेवावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्यामागची कारणं व्यवहारी आहेत. आपण कुणाला पारखतोय हे दुसऱ्या क्लबला कळू नये. तो खेळाडू अजून तिसऱ्याच क्लबच्या कागदोपत्री असू शकतो. पण या व्यवहारातून नकळत एक मोठी गोष्ट साधली गेली आहे. ज्याची अजून निवड झालेली नाही, त्याची फजितीही कुणाच्या नावावर चढत नाही. नव्वद मिनिटं वाईट गेली, तर तो गुपचूप घरी जातो आणि पुढच्या शनिवारी दुसरीकडे नव्याने उभा राहतो.

आता उलट बाजू बघा. ट्रायल संपते, प्रशिक्षकासमोर कुणीतरी मोबाइल धरतं, किंवा मैदानाच्या कडेला पालकांचा घोळका उभा असतो, आणि प्रशिक्षक सगळ्यांदेखत म्हणतो, "हा पोरगा या पातळीचा नाही. पाय जड आहेत, डोकं चालत नाही." असं बोलावं का?

माझं उत्तर स्पष्ट आहे. सत्य सांगायलाच हवं, पुरतं सांगायला हवं, पण ज्याचं आहे त्याला सांगायला हवं. हे केवळ मायेपोटी म्हणत नाही. मुलाच्या हाडांत, मेंदूत आणि पायांत त्या वयात जे चाललेलं असतं ते समजून घेतलं, की चारचौघांत सुनावलेला निकाल किती कच्च्या पायावर उभा असतो हे ध्यानात येतं. आणि ते समजून घेणं ही या खेळातल्या कुठल्याही गोलइतकीच थरारक गोष्ट आहे.

एका तारखेची करामत

१९८० च्या दशकात कॅनडातल्या लेथब्रिज गावी रॉजर बार्न्सली नावाचे मानसशास्त्रज्ञ आइस हॉकीचा सामना बघायला गेले होते. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी पॉला हातातली माहितीपत्रिका चाळत होत्या. खेळाडूंच्या जन्मतारखा वाचताना त्यांना काहीतरी विचित्र जाणवलं. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च असेच महिने ओळीने येत होते. बार्न्सलींनी घरी जाऊन आणखी संघांच्या याद्या तपासल्या, तर सगळीकडे तोच प्रकार. कॅनडात वयोगट १ जानेवारीपासून मोजत असत. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात खेळत होते, आणि निवडणाऱ्यांना जानेवारीचा मुलगा दरवेळी 'गुणी' वाटत होता.

दहा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात अकरा महिने म्हणजे जवळजवळ एक दशांश आयुष्य. जूनमध्ये पेरलेलं आणि ऑगस्टमध्ये पेरलेलं पीक एकाच दिवशी शेजारी उभं करून बियाण्याचा कस ठरवावा, तसा हा प्रकार. पुढे चक्र आपोआप फिरतं. थोरला निवडला जातो, त्याला चांगला प्रशिक्षक मिळतो, जास्त सामने मिळतात, आणि दोन-तीन वर्षांत तो खरोखरच सरस होतो. निवडणाऱ्याला वाटतं, आपली नजर अचूक होती.

ही करामत तारखेचीच आहे, याचा सुंदर पुरावा फुटबॉलमध्ये बेल्जियमने दिला. तिथे वयोगटाची तारीख १ ऑगस्ट होती. १९९७ मध्ये ती बदलून १ जानेवारी केली. अभ्यासकांनी आधीचा आणि नंतरचा हंगाम ताडून पाहिला. आधी ऑगस्टपासून पुढच्या महिन्यांतली मुलं जास्त निवडली जात होती, बदलानंतर जानेवारीपासून पुढची मुलं वर आली. देश तोच, मैदानं तीच, प्रशिक्षकही तेच. कॅलेंडरवरची एक रेघ सरकली आणि 'गुणवत्ता' दुसऱ्या महिन्यांत जाऊन बसली!

इंग्लंडमध्ये शालेय वर्षाप्रमाणे ही रेघ १ सप्टेंबरला पडते. म्हणजे तिथे सप्टेंबरची मुलं गटात थोरली आणि जुलै-ऑगस्टची धाकटी. आता एक जन्मतारीख पाहा: २८ जुलै १९९३. हा मुलगा आर्सेनल क्लबच्या अकादमीत होता आणि आठव्या वर्षी त्याला तिथून काढून टाकलं. त्यावेळी अकादमीचे प्रमुख असलेले लिअम ब्रेडी यांनी पुढे मोकळेपणाने सांगितलं, की मुलगा थोडा गुबगुबीत होता, फारसा चपळ दिसत नव्हता, आणि आमची चूक झाली. तो मुलगा म्हणजे हॅरी केन. वॉटफर्डला ट्रायल देत, पडत-उठत २००४ मध्ये तो टॉटनहॅमच्या अकादमीत पोहोचला. २०१८ च्या विश्वचषकात सर्वाधिक गोल त्याचे होते, आणि मार्च २०२३ मध्ये नेपल्समध्ये इटलीविरुद्ध गोल करून त्याने वेन रूनीचा ५३ गोलांचा इंग्लंडचा विक्रम मागे टाकला. गटातला जवळजवळ सगळ्यांत धाकटा मुलगा 'अजून लहान' दिसत होता, कारण तो खरंच अजून लहान होता.

पाय आधी वाढतात

तारीख ही झाली बाहेरची गोष्ट. शरीराच्या आत आणखी एक कॅलेंडर असतं, आणि ते प्रत्येकाचं वेगळं.

मुलांची उंची साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत वेगाने वाढते. त्या ऐन काळात वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटरचा वेग असतो. पण हा काळ कुणाला बाराव्या वर्षीच गाठतो, तर कुणाला पंधरा उलटल्यावर. त्यामुळे एकाच महिन्यात जन्मलेल्या दोन चौदा वर्षांच्या मुलांत शरीराच्या वयाने चार-पाच वर्षांचा फरक असू शकतो. एकाला मिसरूड फुटलेली, खांदे रुंद झालेले. दुसरा अजून सहावीतला वाटावा असा. ट्रायलला दोघांच्या अंगावर एकाच रंगाचं बिब असतं.

आणि ही वाढ सगळीकडून एकसारखी होत नाही. आधी पावलं मोठी होतात. मग नडगी लांबते, मग मांडीचं हाड, आणि धड सर्वांत शेवटी. नव्या उंचीला पेलणारी ताकद स्नायूंत येते ती आणखी काही महिन्यांनी. मधल्या काळात मुलाच्या मेंदूकडे पायांचा जुना नकाशा असतो. पाऊल कुठे पडेल, चेंडूपर्यंत पोहोचायला गुडघा किती वाकवायचा, वळताना तोल कुठे ठेवायचा, ही सगळी गणितं मेंदूने वर्षानुवर्षं बसवलेली असतात, आणि आता मापंच बदललेली. म्हणून काल सहज ट्रॅप होणारा चेंडू आज पायावरून उसळून दोन हात लांब जातो. गुडघ्याखाली किंवा टाचेत दुखणं हेही याच काळातलं नेहमीचं दुखणं. हाडाच्या टोकाशी अजून मऊ असलेल्या वाढीच्या भागावर स्नायूंचा ताण पडतो आणि मुलगा लंगडत धावतो.

प्रशिक्षक ट्रायलवर बघतो आणि म्हणतो, "फर्स्ट टच कच्चा आहे." निरीक्षण अगदी बरोबर. पण तो ज्या पायाकडे बघतोय, तो पाय त्या मुलाला मिळून जेमतेम काही महिने झालेत.

या गोंधळावर इंग्लंडमध्ये एक फार कल्पक उपाय काढला गेला. मुलाची सध्याची उंची, वजन आणि आईवडिलांची उंची यांवरून तो मोठेपणी किती उंच होईल याचा अंदाज काढता येतो. मग त्या अंदाजाच्या किती टक्के उंची त्याने आत्ता गाठली आहे ते पाहायचं, आणि जन्मतारखेऐवजी त्या टक्क्यांवर गट पाडायचे. याला बायो-बँडिंग म्हणतात. प्रीमियर लीगच्या अकादम्यांनी बाथ विद्यापीठाच्या शॉन कमिंग यांच्यासारख्या अभ्यासकांबरोबर हा प्रयोग केला. अकरा ते चौदा वर्षांची, पण अपेक्षित उंचीच्या ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत पोहोचलेली मुलं एकत्र खेळवली.

मुलांनी नंतर जे सांगितलं ते मला अतिशय बोलकं वाटतं. लवकर वाढलेली मुलं म्हणाली, आज पहिल्यांदा नुसत्या अंगबळावर निभावलं नाही, लवकर विचार करावा लागला, चेंडू पटकन सोडावा लागला. उशिरा वाढणारी मुलं म्हणाली, आज पहिल्यांदा आमचं कौशल्य दाखवायला वाव मिळाला, पुढाकार घेता आला. मुलं तीच होती. शेजारी कोण उभं आहे एवढं बदललं, आणि प्रत्येकातला वेगळाच खेळाडू दिसू लागला.

चेंडू आपल्याकडे येत नाही तेव्हा

आता डोक्यात काय होतं ते पाहू. किप्लिंग विल्यम्स नावाचे मानसशास्त्रज्ञ एकदा बागेत बसले होते. एक फ्रिस्बी घरंगळत त्यांच्याजवळ आली. त्यांनी ती दोन खेळणाऱ्यांकडे परत फेकली, त्यांनीही पुन्हा यांच्याकडे टाकली, आणि थोडा वेळ तिघांचा खेळ रंगला. मग काही न बोलता त्या दोघांनी यांच्याकडे टाकणं बंद केलं. अनोळखी माणसं, फुकटचा खेळ, तरी विल्यम्स यांच्या मनाला ते लागलं. लागलं का, याच विचारातून त्यांनी 'सायबरबॉल' हा संगणकावरचा साधा खेळ तयार केला. पडद्यावर तीन आकृत्या चेंडू फेकतात, त्यांतली एक तुमची. काही फेकींनंतर बाकीचे दोघे तुमच्याकडे चेंडू टाकेनासे होतात. बस, एवढंच. पण एवढ्यानेही माणसाचा मूड उतरतो आणि आपण कुणीच नाही असं वाटू लागतं. २००३ मध्ये हाच खेळ खेळणाऱ्यांच्या मेंदूची चित्रं काढली गेली, तेव्हा शारीरिक वेदनेच्या त्रासाशी जोडलेल्या एका भागात हालचाल वाढलेली दिसली.

लंडनमध्ये सारा-जेन ब्लेकमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा खेळ किशोरवयीन मुलींना आणि प्रौढ स्त्रियांना खेळायला दिला. बाहेर टाकलं गेल्यावर मुलींचा मूड प्रौढांपेक्षा जास्त घसरला. किशोरवयात बरोबरीच्यांच्या नजरेला मेंदू विलक्षण जपत असतो. आपण या टोळीत आहोत की नाही, हा त्या वयाचा सर्वांत मोठा प्रश्न असतो. ट्रायलवर तो प्रश्न अगदी उघडावाघडा होऊन समोर येतो. भोवती अनोळखी मुलं, प्रत्येक जण प्रतिस्पर्धी, आणि काठावर वहीत काहीतरी टिपणारी मोठी माणसं. अशा वेळी सगळ्यांदेखत काढलेला एक वाईट शब्द, ऐकणाऱ्याच्या कानाला, टोळीतून हाकलल्याची दवंडी असते.

आणि त्याचा परिणाम थेट पायावर होतो. सिआन बायलॉक आणि सहकाऱ्यांचा २००२ मधला एक प्रयोग मी कितीदा सांगितला तरी मला कंटाळा येत नाही. त्यांनी सराईत फुटबॉलपटूंना कोनांमधून चेंडू ड्रिबल करत न्यायला सांगितलं. काही फेऱ्यांमध्ये त्यांना स्वतःच्या पायावर लक्ष ठेवायला लावलं: आवाज झाला की चेंडूला पावलाची कुठली बाजू लागली ते सांगायचं. झालं काय, तर ज्या उजव्या पायाने ते डोळे मिटूनही ड्रिबल करतील तो पाय मंदावला. जे कौशल्य अंगात मुरलेलं असतं, ते आपण वरून न्याहाळू लागलो की अडखळतं. पण गंमत अशी, की त्यांच्या कमजोर डाव्या पायाला मात्र ह्याच लक्षाचा फायदा झाला! जे अजून शिकायचं आहे तिथे लक्ष देऊन उपयोग होतो. जे येतं तिथे लक्ष दिलं की बिघडतं.

म्हणजे टीकेचं औषध कुठल्या पायाला आणि केव्हा द्यायचं, याला फार महत्त्व आहे. "डाव्या पायाने चेंडू अडवताना घोटा सैल सोड" ही सूचना कमजोर पायासाठी आहे, आणि मुलगा ती सरावात वापरू शकतो. "तुझा टचच खराब" हे सगळ्यांसमोर फेकलेलं वाक्य कुठल्याच पायासाठी नसतं. ते मुलाला स्वतःकडे बघायला लावतं, आणि पुढचा चेंडू येतो तेव्हा त्याचं लक्ष चेंडूवर राहत नाही.

१९९६ मध्ये अव्रहाम क्लुगर आणि अँजेलो डिनिसी यांनी अभिप्रायाचा कामगिरीवर काय परिणाम होतो हे पाहणारे शेकडो निष्कर्ष एकत्र करून तपासले. सरासरीने अभिप्रायामुळे कामगिरी सुधारते, हे अपेक्षितच होतं. धक्का याचा होता, की एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्रायानंतर कामगिरी घसरली. लक्ष कामावरून उठून 'मी कसा आहे' याकडे जितकं सरकतं, तितका अभिप्रायाचा उपयोग कमी होतो, असं त्यांचं म्हणणं. चारचौघांतली टीका हे सरकणं हमखास घडवून आणते.

"पोरं घट्ट व्हायला नकोत का?"

विरुद्ध बाजूचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. व्यावसायिक फुटबॉल निर्दय आहे. उद्या हाच मुलगा भरलेल्या मैदानात उतरेल आणि हजारो लोक त्याला शिव्या घालतील. ट्रायलवर चार शब्द सोसवत नसतील तर तिथे काय करणार? अनुभवी प्रशिक्षक हे कळकळीने विचारतात.

त्यांच्या बाजूने एक उदाहरणही देता येईल. एप्रिल २०१७ मध्ये मँचेस्टर युनायटेडचे व्यवस्थापक जोझे मॉरिन्यो यांनी एव्हर्टनविरुद्धच्या सामन्यानंतर एकवीस वर्षांच्या लूक शॉबद्दल जाहीरपणे सांगितलं, की तो माझ्या समोरच्या बाजूने खेळत होता आणि निर्णय मीच घेत होतो. शरीर त्याचं, डोकं माझं. पायाच्या भयंकर फ्रॅक्चरमधून उठून परतलेल्या खेळाडूबद्दलचं हे बोलणं जगभर गाजलं. आणि २०२१ मध्ये वेम्बलीवर युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दुसऱ्याच मिनिटाला गोल करणारा खेळाडू होता लूक शॉ.

मग टीकेने त्याला घडवलं? एका माणसाच्या गोष्टीवरून हे कुणालाच सांगता येणार नाही. पण शॉकडे काय काय होतं ते मोजा. करार होता, पगार होता, देशाकडून विश्वचषक खेळल्याचा अनुभव होता. पुढच्या शनिवारी मैदानावरच उत्तर द्यायची संधी होती, आणि दरम्यान मॉरिन्यो क्लब सोडून गेले तरी तो तिथेच होता. ट्रायलवरच्या मुलाकडे यातलं काहीही नसतं. त्याला उत्तर द्यायला पुढचा सामनाच मिळत नाही. प्रशिक्षकाचं वाक्य हेच त्याच्याबद्दलचं शेवटचं जाहीर वाक्य ठरतं, आणि आता तर ते मोबाइलवरून गावभर फिरतं.

घट्टपणाबद्दल म्हणाल, तर ॲलेक्स फर्ग्युसन यांच्याइतका कडक व्यवस्थापक शोधून सापडणार नाही. ड्रेसिंग रूममधला त्यांचा संताप दंतकथा बनला आहे. पण दार उघडून बाहेर आले, की ते आपल्या खेळाडूंची पाठराखण करत. रायन गिग्ज सतरा वर्षांचा असताना मोठ्या संघात आला, आणि वीस वर्षांचा होईपर्यंत फर्ग्युसननी त्याला पत्रकारांपुढे जाऊच दिलं नाही. जाहीर कौतुकाचं ओझंही कोवळ्या खांद्यांना पेलत नाही हे त्यांना ठाऊक होतं. 'पुढचा मेस्सी' हा शिक्का मारणं आणि 'याला जमणार नाही' असा शिक्का मारणं, दोन्हींत मुलाचं लक्ष चेंडूवरून उडवायची सारखीच ताकद आहे.

इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने तर लहान वयोगटांत यापुढचं पाऊल टाकलं. अकरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या लीगमध्ये सामन्यांचे निकाल आणि गुणतालिका प्रसिद्ध करायच्या नाहीत, असा नियम तिथे आहे. मुलं जिंकतात, हरतात, रडतात, सगळं होतं. फक्त त्याची जाहिरात होत नाही.

आणखी एक आक्षेप आपल्याकडच्या पालकांना पटकन सुचेल, आणि तो रास्त आहे: सगळं बंद दाराआड ठेवलं तर वशिलेबाजीला रान मोकळं नाही का होणार? होईल. म्हणून मला वाटतं, निकष सगळ्यांसमोर मांडावेत आणि निकाल ज्याचा त्याला सांगावा. आम्ही काय पाहणार, किती जण पाहणार, किती जागा आहेत, हे ट्रायलच्या आधी फळ्यावर लिहावं. आणि मुलाशी बोलताना आई-वडिलांपैकी कुणीतरी किंवा दुसरा प्रशिक्षक सोबत असावा. २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या माजी खेळाडूंनी लहानपणी प्रशिक्षकांकडून झालेल्या अत्याचारांना वाचा फोडली, तेव्हापासून मूल आणि मोठा माणूस यांच्यातला बंद दरवाजा हा चिंतेचा विषय आहे. खाजगीत बोलायचं म्हणजे मुलाची लाज राखायची. त्याला कुणाच्या नजरेआड न्यायचं नाही.

खरं कसं सांगायचं

१९७४-७५ च्या हंगामात रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प हे दोन मानसशास्त्रज्ञ लॉस एंजेलिसमध्ये जॉन वुडन यांच्या बास्केटबॉल सरावाला जाऊन बसू लागले. वुडन तेव्हा अमेरिकेतले सर्वांत यशस्वी महाविद्यालयीन प्रशिक्षक होते, आणि त्याच हंगामाअखेर त्यांनी बारा वर्षांतलं दहावं विजेतेपद मिळवलं. दोघांना वाटलं होतं, इथे धगधगती भाषणं ऐकायला मिळतील. त्यांनी वुडन यांचं शिकवणं वाक्यावाक्याने टिपलं. २,३२६ नोंदी झाल्या. कौतुक थोडं, नापसंतीही थोडीच, आणि सुमारे तीन-चतुर्थांश बोलणं म्हणजे शुद्ध माहिती: हे असं कर, पाय इथे ठेव, आता नको, मग. एवढा यशस्वी माणूस मुलांचा न्यायनिवाडा करण्यात जवळजवळ वेळच घालवत नव्हता.

ट्रायलवर नाकारलेल्या मुलालाही हीच माहिती मिळायला हवी. 'या वर्षी आम्हाला दोनच मिडफिल्डर हवे होते. तुझी पासची नजर चांगली आहे. चेंडू मिळण्याआधी तू मागे वळून बघत नाहीस, म्हणून घेरला जातोस. तुझी उंची आता वाढते आहे, टच सहा-आठ महिन्यांत बसेल. पुढच्या वर्षी ये.' यात लपवाछपवी नाही, खोटी आशा नाही. नकार आहे, आणि नकारासोबत उद्या सकाळी मैदानावर घेऊन जाता येईल असं काहीतरी आहे.

हॅरी केनने पुढे एका लेखात आठवण सांगितली आहे. आर्सेनलने काढल्याची बातमी त्याला वडिलांनी दिली, दोघे बागेत फिरत असताना, खांद्यावर हात ठेवून. वडील चिडले नाहीत, क्लबला दोषही दिला नाही. आपण आणखी मेहनत करू आणि दुसरा क्लब शोधू, इतकंच म्हणाले. आठ वर्षांच्या मुलाला सत्य पूर्णपणे कळलं, आणि ते कळताना दुसरं कुणी बघत नव्हतं.

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने बघत मोठी होणारी पोरं, गोव्यात वाड्यावाड्यावर अनवाणी खेळणारी पोरं, मुंबई-पुण्यातल्या अकादम्यांच्या रांगेत उभी राहणारी पोरं, या सगळ्यांना हे लागू आहे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हापासून आपल्या गल्लीतूनही तिथे जाता येतं हे मुलांना दिसलं आहे. ट्रायलला गर्दी वाढली आहे, आणि गर्दीबरोबर कॅमेरेही वाढले आहेत. त्यामुळे प्रशिक्षकाच्या तोंडच्या शब्दाची किंमतही वाढली आहे.

तो शब्द बदलायला फार खर्च येत नाही. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांनी मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांसाठी काही तासांची एक कार्यशाळा तयार केली. चांगलं केलं की लगेच दाद द्या, चुकल्यावर धीर द्या आणि मग दुरुस्ती सांगा, अपमान करू नका, एवढाच तिचा गाभा. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी पुढच्या हंगामात किती मुलं खेळायला परत आली ते मोजलं. कार्यशाळा न केलेल्या प्रशिक्षकांकडची २६ टक्के मुलं खेळ सोडून गेली होती. केलेल्यांकडची फक्त ५ टक्के. आणि दोन्हींच्या सामन्यांतल्या जय-पराजयात फरक नव्हता.

म्हणून ट्रायल घेणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षकाला मी एकच कसोटी सुचवेन. किती मुलं निवडली हे क्लब मोजेलच. तुम्ही ज्यांना नाही म्हणालात, त्यांतली किती पुढच्या महिन्यात कुठल्या ना कुठल्या मैदानावर पुन्हा खेळताना दिसतात, ते मोजा. केनसारखी मुलं त्याच गर्दीत असतात, आणि त्यांना खेळत ठेवणं हेही प्रशिक्षकाचंच काम आहे.